एका जुन्या औषधाची नवी परीक्षा



वसंतातल्या संध्याकाळी मोकळ्यावर बसून ऐकायचे विषय म्हटले म्हणजे काव्य, इतिहास, संतवाङ्मय आणि फार झाले तर राजकारण. अशा ठिकाणी रुग्णालयातल्या एका गोळीविषयी बोलण्याचे मी ठरविले, याचे कोणाला नवल वाटले तर ते साहजिक आहे. परंतु २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत 'स्टिरॉइड' हा शब्द ज्या घरात उच्चारला गेला नाही, असे घर या सभेत विरळाच असेल. कोणी तो आशेने उच्चारला, कोणी भीतीने. एका घरी सांगतात, "स्टिरॉइडमुळे आमचे वडील वाचले." शेजारच्या घरी सांगतात, "स्टिरॉइडमुळे आमच्या काकांचा डोळा गेला." दोन्ही घरे खोटे बोलत नाहीत. एकच औषध एकाला तारते आणि दुसऱ्याला बाधते हे कसे, आणि ते कोणाला तारील हे अगोदर कसे ओळखावे, हा आजचा विषय आहे. तो डॉक्टरांचा खरा. पण तो सर्वस्वी त्यांच्यावर सोपवून आपण स्वस्थ बसावे असा नाही, हे पुढे आपल्या लक्षात येईल.

प्रथम या औषधाचे कूळ पाहू. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एकेक लहानशी ग्रंथी बसलेली असते. तिच्या बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल नावाचा रस रोज रक्तात मिसळतो. त्याचे प्रमाण दिवसाकाठी सुमारे १० ते २० मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभर मिठाहूनही कमी. परंतु या ग्रंथी निकामी झाल्या तर माणूस झिजत झिजत मरतो, हे टॉमस ॲडिसन या लंडनच्या वैद्याने १८५५ साली दाखवून दिले. तापात, जखमेत, शस्त्रक्रियेत, भीतीत हा रस शरीर अधिक सोडते. संकटकाळी शरीराला सावरून धरण्याचे आणि त्याच्या आतल्या दाहाला लगाम घालण्याचे काम त्याच्याकडे असते.

हा रस औषध म्हणून वापरता येईल ही कल्पना अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांना सुचली, तिची गोष्ट मौजेची आहे. हेंच संधिवाताचे तज्ज्ञ. १९२९ साली त्यांच्या ध्यानात आले की, संधिवाताच्या एका रोग्याला कावीळ झाली आणि काविळीबरोबर त्याचे सांधे मोकळे झाले. पुढे गरोदरपणीही पुष्कळ स्त्रियांचा संधिवात कमी होतो असे त्यांना दिसले. तेव्हा शरीरच असे काही तयार करीत असले पाहिजे की ज्याने हा दाह शमतो, असा तर्क त्यांनी बांधला. त्यांचे सहकारी रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड केंडल हे त्याच काळात त्या टोपीसारख्या ग्रंथीतून एकेक द्रव्य वेगळे करीत होते. त्यांतले एक द्रव्य बैलाच्या पित्तापासून रसायनशाळेत मोठ्या कष्टाने तयार झाले, आणि सप्टेंबर १९४८ मध्ये ते संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण स्त्रीला टोचण्यात आले. चार-पाच दिवसांत ती चालू लागली, इतकेच नव्हे तर गावात जाऊन बाजारहाट करून आली! १९५० साली हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडमधील राइखश्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जगभर आनंदीआनंद झाला. परंतु तो फार दिवस टिकला नाही. औषध महिनोगणती चालू राहिले तसे रोग्यांचे चेहरे चंद्रासारखे गोल होऊ लागले, रक्तातली साखर वाढू लागली, हाडे ठिसूळ झाली, दबून राहिलेला क्षय उफाळून आला. आणि औषध एकाएकी थांबविले तर शरीराच्या सुस्तावलेल्या ग्रंथी जाग्या होण्यापूर्वीच रोगी कोसळू लागला. 'अति तेथे माती' ही म्हण या औषधाला जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या कोणत्याही औषधाला क्वचितच पडत असेल. पुढे याच घराण्यात १९५० नंतरच्या दशकात डेक्सामेथासोन जन्माला आले. शरीराच्या मूळ रसाहून त्याची शक्ती सुमारे २५ पट. ते बनवायला सोपे आणि किमतीला स्वस्त. जागतिक आरोग्य संघटनेने १९७७ साली आवश्यक औषधांची पहिली यादी केली, त्या यादीतही ते होते. म्हणजे कोरोनाच्या साथीत वर्तमानपत्रांनी ज्याला नवे अस्त्र म्हटले, ते औषध वयाची साठी ओलांडलेले होते. नवी होती ती त्याची परीक्षा.

आता रोगाकडे वळू. कोरोनाच्या विषाणूने होणाऱ्या आजाराचे, तो गंभीर होतो तेव्हा, स्थूलमानाने दोन अंक असतात. पहिला अंक साधारण आठवडाभराचा. यात विषाणू घशात, नाकात, फुफ्फुसात वाढत असतो. ताप, खोकला, अंगदुखी ही लक्षणे दिसतात, आणि शरीराचे सैन्य त्याच्याशी लढत असते. बहुसंख्य लोकांच्या बाबतीत नाटक इथेच संपते आणि माणूस बरा होतो. काही थोड्यांच्या बाबतीत मात्र दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुसरा अंक सुरू होतो. विषाणूचा जोर ओसरू लागलेला असतो. पण त्याच्याशी लढायला उठलेले सैन्य माघारी फिरत नाही. ते फुफ्फुसाच्या नाजूक पडद्यांवरच तुटून पडते. वायुकोश द्रवाने भरतात, रक्तात प्राणवायू मिसळेनासा होतो, आणि रोगी घरात बसल्या बसल्या धापा टाकू लागतो. अशा वेळी रोग्याचा जीव धोक्यात येतो तो मुख्यतः त्याच्या स्वतःच्या शरीरात पेटलेल्या आगीमुळे.

स्टिरॉइडचे काम या आगीशी आहे. ते विषाणूला मारीत नाही, हे आपण पक्के ध्यानात ठेवावे. कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. ते पेशीच्या आत शिरते, तिच्या केंद्रापर्यंत पोचते, आणि दाहाचे निरोप पाठविणारी जी यंत्रणा तेथे असते तिला गप्प बसविते. निरोप थांबले की सैन्य पांगते. मग साहजिक असे वाटेल की, आग लागली आहे, बंब हाताशी आहे, तर पाणी सोडावे. यात प्रश्न तो कोणता?

प्रश्न होता, आणि तो खरोखर कठीण होता. जे सैन्य फुफ्फुस जाळते तेच सैन्य विषाणूलाही मारते. त्याला निःशस्त्र केले तर विषाणूला रान मोकळे मिळणार नाही कशावरून? २००३ साली सार्स नावाची साथ चीन आणि हाँगकाँगमध्ये आली, तो विषाणू याच घराण्यातला. त्या साथीत डॉक्टरांनी स्टिरॉइडे सढळ हाताने वापरली. त्याने माणसे वाचली की नाही हे कोणाला छातीठोकपणे सांगता आले नाही. परंतु वाचलेल्यांपैकी कित्येकांच्या खुब्याची हाडे पुढे रक्तपुरवठ्याअभावी कुजली, हे मात्र सर्वांना दिसले. मध्यपूर्वेतल्या मर्स या साथीत स्टिरॉइड घेतलेल्यांच्या शरीरातून विषाणू उशिरा नाहीसा होतो असे आढळले. म्हणून जानेवारी २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सल्ला दिला की, शास्त्रीय चाचणीबाहेर हे औषध सरसकट देऊ नये. त्या वेळच्या माहितीवर हा सल्ला योग्यच होता. तरीही इटलीपासून अमेरिकेपर्यंत अनेक डॉक्टर, डोळ्यांदेखत माणूस गुदमरताना पाहून, ते देत होते. एक पक्ष म्हणे, देणे पाप आहे. दुसरा म्हणे, न देणे पाप आहे. दोन्ही पक्षांत विद्वान होते, सज्जन होते.

येथे कोणी विचारील की, औषध दिलेल्या आणि न दिलेल्या रोग्यांची मोजदाद करून हा वाद मिटविता आला नसता का? वरवर पाहता हा मार्ग सरळ दिसतो, पण त्यात एक चकवा आहे. डॉक्टर जालीम औषध कोणाला देतो? जो अधिक अत्यवस्थ आहे त्याला. तेव्हा औषध घेतलेल्यांत मृत्यू जास्त दिसणारच. पण तो दोष औषधाचा की रोगाचा? शहरातल्या ज्या घरांवर बंब आला होता अशी घरे मोजली, तर ती इतरांहून अधिक जळालेली आढळतील. त्यावरून बंबामुळे घरे जळतात असे अनुमान काढणाऱ्याला आपण शहाणा म्हणणार नाही. वैद्यकात मात्र असली अनुमाने पुष्कळदा निघाली आहेत. आणि याच्या उलटही घडते. ज्याला औषध दिले तो वाचला, म्हणून औषधाने वाचला असे आपण म्हणतो. पण औषध न घेता वाचणारेही असतातच, त्यांची वार्ता कोणी सांगत नाही.

या चकव्यातून सुटण्याची वाट एकच सापडलेली आहे, आणि ती म्हणजे चिठ्ठी टाकणे. ब्रिटनमध्ये क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची जी परीक्षा झाली आणि १९४८ साली प्रसिद्ध झाली, ती अशीच. औषध थोडे होते, रोगी पुष्कळ होते. ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या संख्याशास्त्रज्ञाने सुचविले की, कोणाला औषध द्यायचे हे डॉक्टरांनी ठरवू नये, ते लॉटरीप्रमाणे ठरावे. ५५ रोग्यांना औषध मिळाले, ५२ जणांना त्या काळच्या रीतीप्रमाणे केवळ विश्रांती. सहा महिन्यांत पहिल्या गटात ४ जण दगावले, दुसऱ्यात १४. चिठ्ठीची खुबी अशी की ती कोणाचा चेहरा पाहत नाही. म्हातारे-तरुण, श्रीमंत-गरीब, अशक्त-सशक्त असे सर्व प्रकारचे लोक ती दोन्ही बाजूंना सारखे वाटून टाकते. आणि मग शेवटी जो फरक उरतो तो औषधाचा असतो.

मार्च २०२० मध्ये, साथ ऐन भरात येत असताना, ऑक्सफर्ड विद्यापीठातील पीटर हॉर्बी आणि मार्टिन लॅन्ड्रे यांनी ब्रिटनभर अशीच एक प्रचंड चिठ्ठी टाकण्याचे काम हाती घेतले. त्या चाचणीचे नाव 'रिकव्हरी'. तिची रचना मुद्दाम साधी ठेवली होती. रात्रपाळीच्या दमलेल्या डॉक्टरलाही उरकता यावे इतकेच लिखाण, रोग्याची किंवा त्याच्या नातलगांची संमती, संगणकाने काढलेली चिठ्ठी, आणि २८ दिवसांनी एकच प्रश्न : रोगी जिवंत आहे की नाही? जूनच्या आरंभापर्यंत ११ हजारांहून अधिक रोगी तिच्यात सामील झाले. त्यांपैकी डेक्सामेथासोनच्या भागात १७६ रुग्णालयांतले २,१०४ रोगी औषधाच्या बाजूला पडले आणि ४,३२१ नेहमीच्या उपचारांच्या बाजूला. मात्रा दिवसातून एकदा ६ मिलिग्रॅम, गोळीने किंवा शिरेतून. मुदत १० दिवस, आणि त्याआधी रोगी घरी गेला तर तेथेच बंद.

१६ जून २०२० रोजी निकाल जाहीर झाला. त्यातले आकडे मी सावकाश सांगतो, कारण सारा सारांश त्यांत आहे. जे रोगी कृत्रिम श्वसनयंत्रावर, म्हणजे व्हेंटिलेटरवर होते, त्यांच्यात नेहमीच्या उपचारांनी शेकडा ४१.४ दगावले, औषध दिल्यावर शेकडा २९.३. ज्यांना नळीने किंवा मुखवट्याने प्राणवायू चालू होता पण यंत्र लागले नव्हते, त्यांच्यात २६.२ च्या जागी २३.३. आणि ज्यांना रुग्णालयात असूनही प्राणवायूची गरज नव्हती, त्यांच्यात? नेहमीच्या उपचारांनी १४, आणि औषध दिल्यावर १७.८. हा शेवटचा फरक यदृच्छेनेही पडू शकेल इतपतच आहे, त्यावरून औषधाने माणसे मारली असे सिद्ध होत नाही. पण फायदा नाही आणि तोट्याची शंका आहे, इतके निश्चित म्हणता येते. आणखी एक गोष्ट दिसली. लक्षणे सुरू होऊन सात दिवस उलटून गेलेल्या रोग्यांतच लाभ ठळक होता.

नाटकाचे दोन अंक आठवा, म्हणजे या आकड्यांचा अर्थ लागेल. दुसऱ्या अंकात, जेथे आग लागली आहे तेथे, पाणी सोडले तर घर वाचते. आग जितकी मोठी तितका उपयोग मोठा. व्हेंटिलेटरवरच्या दर आठ रोग्यांमागे एक, आणि प्राणवायू घेणाऱ्या दर २५ रोग्यांमागे एक जीव वाचला असा हिशेब निघाला. पहिल्या अंकात मात्र आग नाही, लढाई आहे; तेथे पाणी सोडणे म्हणजे आपल्याच शिपायांची दारू भिजविणे. आपल्याकडे 'आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी' म्हणतात, त्यातला प्रकार.

निकालाच्याच दिवशी ब्रिटनमधल्या रुग्णालयांत हे औषध रूढ झाले. भारत सरकारने २७ जून २०२० रोजी मध्यम आणि गंभीर रोग्यांसाठीच्या आपल्या उपचारपद्धतीत ते घातले. सप्टेंबरात जागतिक आरोग्य संघटनेने सात चाचण्यांतल्या १,७०३ अत्यवस्थ रोग्यांचा एकत्र हिशेब मांडला, त्याचाही कौल तोच पडला. तेव्हा संघटनेने आपला जुना सल्ला मागे घेऊन, गंभीर रोग्याला द्या, सौम्य रोग्याला देऊ नका, असा नवा सल्ला दिला. पुरावा बदलला म्हणून मत बदलले, यात कमीपणा नाही. शास्त्राची रीतच ती आहे. मार्च २०२१ पर्यंत या औषधाने जगभर सुमारे १० लाख जीव वाचविले असावेत, असा अंदाज ब्रिटनच्या आरोग्यसेवेने केला. अंदाज तो अंदाज. निम्मा धरला तरी, काही रुपयांच्या गोळीने ही कामगिरी केली याचे कौतुक कमी होत नाही.

याच चाळणीतून दुसरी औषधेही गेली हे सांगितले पाहिजे. ज्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनचा जगभर डंका वाजत होता, ते निरुपयोगी ठरले. बऱ्या झालेल्या रोग्यांच्या रक्तातला प्लाझ्मा मिळविण्यासाठी आपल्याकडे नातलग रानोमाळ हिंडले. त्याची परीक्षा आपल्याच देशात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० साली ३९ रुग्णालयांत ४६४ रोग्यांवर घेतली होती, आणि तीत लाभ दिसला नव्हता. तरीही मे २०२१ पर्यंत तो उपचारांच्या यादीत राहिला. तात्पर्य, परीक्षा घेणे आपल्यालाही साधते. निकाल मानणे मात्र जड जाते.

आता आपल्याकडच्या २०२१ च्या वसंताकडे येऊ. एप्रिल आणि मे हे दोन महिने महाराष्ट्रात कोणी विसरणार नाही. खाटा मिळेनात, प्राणवायूची नळकांडी मिळेनात. रेमडेसिविरच्या कुप्यांसाठी औषधांच्या दुकानांपुढे उन्हात रांगा लागल्या. त्या औषधाने मृत्यू टळतात याचा भक्कम पुरावा तेव्हा हाती नव्हता. ज्याचा पुरावा होता ते डेक्सामेथासोन कोपऱ्यावरच्या दुकानात बिनरांगेचे मिळत होते. स्वस्त म्हणून त्याची किंमत वाटली नाही, आणि सहज मिळते म्हणून त्याची भीतीही वाटली नाही. एकाच्या औषधाची चिठ्ठी मोबाइलवरून दहा घरी गेली. ताप आला त्याच दिवशी गोळी सुरू झाली. प्राणवायूचे प्रमाण ९८ असलेल्या माणसांनी छातीचे सीटी स्कॅन काढून घेतले, 'स्कोअर किती?' हा कुशलप्रश्न झाला, आणि त्या स्कोअरवर स्टिरॉइड ठरू लागले. दहा दिवसांची मुदत असलेले औषध काही घरांत महिना महिना चालू राहिले, कारण बंद करा असे सांगायला कोणी भेटले नाही. दिल्लीच्या एम्सचे तत्कालीन संचालक रणदीप गुलेरिया यांनी मे महिन्यात जाहीरपणे बजावले की, सौम्य आजारात सीटी स्कॅन आणि स्टिरॉइड दोन्ही अनाठायी आहेत. पण तोवर फार उशीर झाला होता.

मग आली काळी बुरशी, म्हणजे म्युकरमायकोसिस. ही बुरशी परकी नव्हे. तिचे कण मातीत, शेणखतात, हवेत सदैव असतात, आणि आपण ते रोज श्वासाबरोबर घेऊन पचवितो. पण रक्तात साखर चढली आणि रक्षक पेशी मंदावल्या की नाकातल्या पोकळीत ती रुजते, गालाची आणि टाळूची हाडे पोखरते, डोळ्यात शिरते, मेंदूपर्यंत जाते. स्टिरॉइड या दोन्ही गोष्टी करते, साखर चढविते आणि रक्षकांना मंद करते. ज्याला आधीच मधुमेह आहे, आणि आपल्याकडे तो किती घरांत आहे हे मी सांगायला नको, त्याच्या बाबतीत तर हे दार सताड उघडते. २० मे २०२१ रोजी केंद्राने राज्यांना हा रोग साथरोग कायद्याखाली नोंदविण्यास सांगितले. २८ जूनपर्यंत देशात ४०,८४५ रोगी आणि ३,१२९ मृत्यू नोंदले गेले. महाराष्ट्र त्यात अग्रभागी होता. या रोग्यांपैकी शेकडा ६४ मधुमेही होते आणि शेकडा ५२ हून अधिक स्टिरॉइड घेतलेले होते. म्हणजे सर्व दोष स्टिरॉइडच्या माथी मारता येत नाही. ते न घेतलेल्यांनाही हा रोग झाला, आणि ज्यांना ते योग्य कारणाने, प्राण वाचविण्यासाठी दिले, त्यांच्यापैकीही काहींना झाला. त्यांच्या बाबतीत डॉक्टरांनी जीव आणि धोका तराजूत घालून जिवाची बाजू उचलली, ते बरोबरच केले. दुःख त्यांचे वाटते की ज्यांच्या पारड्यात लाभ मुळी नव्हताच, धोका तेवढा होता.

मात्रेविषयीही हाच धडा मिळाला. थोड्याने गुण येतो तर दुपटीने दुप्पट येईल, हा हिशेब बाजारात चालतो, शरीरात चालेलच असे नाही. ६ मिलिग्रॅमला 'कमी मात्रा' म्हणतात खरे, पण शरीराच्या रोजच्या रसाशी ताडून पाहिली तर तीही आठ-दहा पटींच्या घरात जाते. १२ मिलिग्रॅमची परीक्षा युरोपातल्या आणि भारतातल्या रुग्णालयांनी मिळून घेतली. निर्णायक फायदा दिसला नाही. पुढे रिकव्हरी चाचणीनेच अधिक मात्रा तपासली. पहिले पाच दिवस २० मिलिग्रॅम आणि नंतरचे पाच दिवस १०. जे रोगी नुसत्या साध्या प्राणवायूवर होते, किंवा ज्यांना तोही लागत नव्हता, त्यांच्यात नेहमीच्या मात्रेने शेकडा १२ दगावले, आणि वाढीव मात्रेने शेकडा १९! २०२३ साली हा निकाल प्रसिद्ध झाला. येथे यदृच्छेला जागा नाही. 'डॉक्टर, जरा जोराचे औषध द्या' असे म्हणण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी हे दोन आकडे घराच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.

येथे मला एक गैरसमज टाळायचा आहे. हे ऐकून कोणी घरी जाऊन आपले चालू असलेले स्टिरॉइड बंद करू नये. दमेकऱ्याच्या फवाऱ्यातले स्टिरॉइड अगदी अल्प असते आणि ते त्याचे जीवन सुसह्य करते. संधिवात, मूत्रपिंडाचे विकार, त्वचेचे काही विकार यांत ते महिनोगणती घ्यावे लागते, आणि असे औषध अचानक थांबविणे घातक असते हे मी आरंभी सांगितलेच आहे. ते कमी करायचे ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, पायरी पायरीने. औषधाची आंधळी हाव जितकी वाईट, तितकीच त्याची आंधळी भीतीही वाईट.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू राहिला आहे, पण त्या दिवसांची दहशत ओसरली आहे. मग आता ही उजळणी कशासाठी? मला वाटते, शांततेच्या काळातच ती करायची असते. घराला आग लागल्यावर विहीर खणून उपयोग नसतो. पुढची साथ कोणत्या विषाणूची असेल हे कोणीच सांगू शकत नाही. परंतु ती आली म्हणजे पुन्हा शंभर औषधांचे शंभर दावे होतील, प्रत्येक दाव्यामागे वाचलेल्या माणसाची खरीखुरी गोष्ट असेल, आणि आपल्या घरचे माणूस धापा टाकीत असेल. त्या वेळी आपण काय विचारणार? 'नवे औषध कोणते आले आहे?' की 'याची परीक्षा झाली आहे काय? कोणत्या रोग्यांवर? आजाराच्या कोणत्या दिवशी? किती मात्रेने, आणि किती दिवस?' हे चार-पाच प्रश्न विचारायला वैद्यकाची पदवी लागत नाही. जो डॉक्टर चांगला आहे त्याला त्यांचा राग येत नाही. उलट त्याचे काम सोपे होते. कारण 'काहीतरी द्याच' म्हणून नातलगांनी उंबरठा अडविला की नुसते थांबून पाहणे हे डॉक्टरला फार कठीण होऊन बसते. २०२१ मध्ये अनाठायी दिली गेलेली कित्येक स्टिरॉइडे अशीच, आपल्या आग्रहाने आणि त्यांच्या नाइलाजाने, लिहिली गेली. म्हणून मी म्हटले की हा विषय केवळ डॉक्टरांचा नाही.

आणि शेवटी ज्यांची नावे कोठेही छापली गेली नाहीत अशांचे स्मरण केले पाहिजे. साथीच्या त्या पहिल्या महिन्यांत, मरण दाराशी उभे असताना, हजारो माणसांनी आपल्या नशिबाची चिठ्ठी काढू दिली. औषध आपल्या वाट्याला येईल की नाही हे त्यांना ठाऊक नव्हते. ते औषध तारक आहे की मारक हेही कोणाला ठाऊक नव्हते. नेहमीच्या उपचारांच्या बाजूला पडलेल्या ४,३२१ जणांपैकी १,११० जण गेले. औषधाच्या बाजूला पडलेल्या २,१०४ जणांपैकी ४८२ गेले. या दोन आकड्यांमधल्या अंतरात आपल्याकडचे कितीतरी वाचलेले वडील, कितीतरी वाचलेल्या आया आहेत. त्या अनोळखी माणसांचे ऋण फेडायचे तर त्यांनी मिळवून दिलेले ज्ञान नीट वापरले पाहिजे. योग्य रोग्याला, योग्य वेळी, योग्य मात्रेने, आणि ठरल्या मुदतीत. वैद्यकाने इतके केले आणि नागरिकांनी इतके करू दिले, तरी पुष्कळ झाले.